जुन्या शेव्हरोले सी-१० पिकअपच्या मागच्या एक्सलचे ऑईल सील बदलताना

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळू लागले की आधी ते हुंगून पाहावे. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो, ब्रेक ऑईलला येत नाही. सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, आणण्यापूर्वी हौसिंगवरील (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरील) ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे तोंडही तपासावे, कारण ते चिखलाने बुजले असेल तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

१९७० च्या दशकातील या पिकअपमध्ये एक्सल (चाक फिरवणारा दांडा) डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या मधल्या गिअरपेटीच्या, आत सी-क्लिपने (सी आकाराच्या चापाने) अडकवलेला असतो. म्हणून पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावून, गाडी मागून भक्कम स्टँडवर घेऊन, चाक व ब्रेक ड्रम काढावा आणि डिफरन्शियलचे मागचे झाकण उघडून तेल निथळू द्यावे. आतल्या आडव्या पिनचा लॉक बोल्ट नेमक्या मापाच्या पान्याने सावकाश सोडवावा. तो आत तुटला तर कामाचे तीनतेरा वाजलेच म्हणून समजावे. पिन काढली की एक्सल आत ढकलून क्लिप सोडवावी व एक्सल सरळ बाहेर ओढावा. या काळात दुसरे चाक मुळीच फिरवू नये, अन्यथा आतले छोटे गिअर जागेवरून निसटतात.

बेअरिंगचे रोलर थेट एक्सलवरच फिरतात, त्यामुळे तेथे किंवा सील घासते त्या पट्ट्यात नखाला खाच जाणवली, तर नुसते सील बदलून भागत नाही. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते चौफेर सारखे ठोकून बसवावे. तेल प्यायलेले ब्रेक शू दोन्ही बाजूंचे बदलावेत. एक्सल, क्लिप व पिन पुन्हा जागेवर बसवून झाकणाला नवे गॅस्केट लावावे आणि ८०डब्ल्यू-९० तेल भरणीच्या भोकापर्यंत भरावे.