ऊसतोड सुरू झाली की परड्यात उंदीर येतात, औषध न टाकता भाजी कशी वाचवायची

कारखान्यांचे बॉयलर पेटले, तोडणीच्या टोळ्या उसाच्या फडात उतरल्या की थोड्याच दिवसांत घरामागच्या परड्यातल्या भाजीला उंदीर लागायला सुरुवात होते. सातारा-सांगलीतलं कराड, कोरेगाव, वाळवा, पलूस, जिथं जिथं घराला लागून ऊस आहे तिथं हे दरवर्षीचं आहे. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो, आत दाट सावली, खाली पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, सरीत ओल, माणसाची वर्दळ नाही, त्यामुळं उंदीर आणि घुशी तिथं निवांत पिल्लं घालतात. मादी साधारण ३ आठवडे गाभण राहते आणि एका वेताला ६-८ पिल्लं देते, म्हणजे एक फड उभा असताना आत किती झाले असतील याचा अंदाज करा. ऑक्टोबरात सोयाबीन आणि भुईमूग निघालेला असतो, नोव्हेंबरपासून ऊस जायला लागला की त्यांचं राहायचं ठिकाणच जातं, आणि मग सगळ्यात जवळचा आडोसा कुठला तर आपला गोठा, कडब्याची गंजी, जळणाचा ढीग आणि त्याला लागून असलेलं परडं. नेमकं तेव्हाच वांगी धरलेली असतात, टोमॅटो रंगात येतो, गाजर बीट भरत आलेलं असतं.

म्हणून खरं काम शेजारचा फड तुटायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही. तोड कधी येणार हे आपल्याला आठ-दहा दिवस आधी कळतंच, चिटबॉयला म्हणजे कारखान्याच्या शेतावरच्या माणसाला विचारलं तरी समजतं. उंदराला पहिल्यांदा लपायला जागा लागते, खाणं तो नंतर शोधतो. उघड्यावर फिरायला तो घाबरतो, त्यामुळं भाजीच्या चारी बाजूला ३-४ फूट मोकळी, साफ, खुरपलेली पट्टी ठेवली तर निम्मा त्रास तिथंच कमी होतो, आणि हे बिनपैशाचं आहे तरी सगळ्यात कमी लोक करतात.

जळण आणि गोवऱ्या जमिनीवर रचू नका, खाली दगड किंवा विटा लावून त्यावर फळ्या टाका, वीतभर पोकळी राहू द्या म्हणजे खालून मांजर जातंय, उजेड जातोय, तिथं घर होत नाही. कडब्याची गंजी, वाड्याचे म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, जुने पत्रे, पाइपांचे तुकडे, फुटक्या कुंड्या, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली पोती, हे सगळं भाजीपासून जमेल तेवढं लांब. आच्छादन म्हणून पाचट टाकणारे बरेच जण आहेत, ते चांगलंच आहे, पण या दोन-तीन महिन्यांत परड्यातला थर पातळ ठेवा, झाडाच्या बुडाशी वीतभर जागा मोकळी सोडा आणि आठवड्यातून एकदा काठीनं हलवा, जाड थराखाली घरटं झालेलं वरून दिसत नाही.

आता खाण्याचं. कोंबड्यांची भरड, जनावरांची पेंड, भुसा हे पोत्यात असेल तर उंदीर रोज जेवायला येणारच, त्याला झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा पिंपच पाहिजे, प्लॅस्टिकचं पिंप तो कडेनं कुरतडतो. कुत्र्याला टाकलेली भाकरी रात्री तशीच राहू देऊ नका. कंपोस्टच्या खड्ड्यात शिळा भात, आमटी, मटणाची हाडं टाकणं या दिवसांत बंद, टाकायचंच असेल तर फूटभर खोल पुरा. गांडूळखताच्या बेडला खालून बारीक जाळी टाकली तर घुशी आत शिरत नाहीत.

औषध का नको म्हणतोय तेही सांगतो कारण बरेच जण दुकानातून पुडी आणून मोकळे होतात. उंदराच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळालं की विषारी वायू होतो आणि त्याला उतारा नाही, मग ते उंदराच्या पोटात असो, कोंबडीच्या असो नाहीतर खाऊ समजून उचललेल्या पोराच्या. थोडं खाऊन जो उंदीर नुसता आजारी पडतो तो परत त्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणजे तुमचं औषध फुकट. ब्रोमॅडिओलोन हे दुसरं औषध, त्याच्या वडीनं उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावानं मरतो, आणि तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरत असतो, त्याला घुबड, मांजर किंवा धामण खाते आणि विष त्यांच्याही पोटात जातं. म्हणजे उंदीर खाणारे आपण आपल्या हातानं कमी करतो आणि पुढच्या वर्षी उंदीर जास्त होतात. ज्या वाफ्यातली मेथी सकाळी खुडून दुपारी ताटात येते त्या वाफ्याजवळ असलं काही ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे.

नुकसान कोण करतंय तेही बघून घ्या. दिवसा खाल्लेलं असेल तर खार असते, चिकट चकचकीत रेघ दिसली तर गोगलगाय, मुळासकट उकरून रताळं नेलं असेल आणि तुम्ही पाटण-जावळीच्या डोंगराकडचे असाल तर साळिंदर असू शकतं, त्याला हात लावायचा नाही, तो वन्यप्राणी आहे, वनविभागाला कळवा. उंदराच्या खाण्यावर दोन-दोन दातांच्या बारीक खाचा दिसतात, कोवळं खोड तिरकं कापलेलं असतं आणि आसपास लेंड्या असतात. घूस असेल तर बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ताजा ढीग दिसतो. चिचुंद्री मात्र उंदीर नाही, ती किडे खाते, तिला मारू नका.

खर्च करायचाच असेल तर जाळीवर करा, दुसऱ्या कशावरही नको. शेडनेट, मच्छरदाणी, नायलॉनची जाळी याला उंदीर विचारत नाही, एका रात्रीत भोक पाडतो. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी असते ना, तिच्यातून लहान उंदीर आरामात जातो. जीआयची म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची वेल्डमेश घ्या, पाव इंची, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपास, कारण याहून मोठ्या भोकातून लहान उंदीर डोकं घालून आत येतो. जमिनीवर दोन-अडीच फूट आणि जमिनीखाली फूटभर अशी लावा, आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला अर्धा फूट वाकवून मग माती ओढा, घूस उकरत आली की वाकवलेल्या जाळीला अडते आणि तिथून मागं जाऊन उकरायचं तिला सुचत नाही. उंदीर जाळीवरून चढतो हे खरं आहे, म्हणून वरच्या कडेला बाहेरून गुळगुळीत पत्र्याची फूटभर पट्टी मारा, तिच्यावर पाय ठरत नाही. सगळ्या परड्याला जाळी परवडत नसेल तर फक्त गाजर, बीट, रताळ्याच्या वाफ्याला करा, कांदा, लसूण, मिरचीला तो फारसा जात नाही. या पिकांची ओळ बाहेरून लावली तर आतलं वाचतं असं काही जण सांगतात, लावा, मिरची-लसूण आपल्याला लागतोच, पण भुकेचा उंदीर त्याच्यामधून चालत जातो, त्यावर विसंबून जाळी टाळू नका.

दोडका, दुधी, कारल्याचा मांडव असेल तर प्रत्येक डांबाला म्हणजे खांबाला कमरेच्या वर फूट-दीड फूट रुंद पत्रा गुंडाळा, नारळाच्या झाडाला करतात तसा. आणि मांडव भिंतीपासून, झाडाच्या फांदीपासून, वायरपासून ३ फूट तरी लांब पाहिजे, काळा उंदीर दोन-अडीच फूट सहज उडी मारतो आणि तारेवरून चालतो. घराच्या पत्र्यावरून वेल सोडलाय आणि खाली डांबाला पत्रा मारलाय याचा काही उपयोग होत नाही.

बी उकरून नेण्याचा त्रास असेल, भोपळा, काकडी, वाटाणा, मका यांचं बी तर तो वासानं शोधतो, तर थेट जमिनीत टोकूच नका. पिशवीत नाहीतर ट्रेमध्ये रोप करून टेबलावर ठेवा आणि दोन-चार पानांवर आलं की लावा. वाटाणा आणि मका जागेवरच टोकायचा असेल तर रात्री पाटी नाहीतर डालगं पालथं घालून वर दगड ठेवायचा. टोमॅटो पूर्ण लाल व्हायची वाट बघू नका, बुडाला गुलाबी रंग दिसला की संध्याकाळी तोडून घरात ठेवा, तो घरात पिकतो आणि चवीत फारसा फरक पडत नाही. खाली पडलेलं फळ रात्रभर तसंच राहिलं तर ते आमंत्रणच, म्हणून दिवस मावळायच्या आधी एक फेरी मारून सगळं वेचायची सवय लावा, हे काम घरातली पोरं आनंदानं करतात.

आता जे आधीच आत आलेत त्यांचं. संध्याकाळी दिसतील तेवढी सगळी बिळं मातीनं बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं, बाकीच्यांवर वेळ घालवू नका. चालू बिळाजवळ आणि भिंतीच्या कडेनं पिंजरा लावा कारण उंदीर मधून चालत नाही, तो कडेला अंग घासत जातो. नव्या वस्तूला तो घाबरतो, ठेवल्या ठेवल्या पहिल्याच रात्री सापडेल असं नाही, म्हणून ३-४ रात्री दार तारेनं बांधून उघडं ठेवा आणि आत रोज खाणं ठेवा, खायला सरावला की मग तार काढा, आणि शक्य असेल तर एकदम चार-पाच पिंजरे लावा. भाजलेलं खोबरं, शेंगदाणा, सुकट, तेल लावलेली भाकरी, तळलेलं भजं, जे आसपास दुसरं मिळत नाही ते ठेवा, भुईमुगाची रास शेजारी पडली असेल तर शेंगदाण्याला कोण येणार. सकाळी उठल्या उठल्या पिंजरे बघायचे, उन्हात जीव तडफडत ठेवायचा नाही. मारायचंच असेल तर चाप म्हणजे स्प्रिंगचा सापळा चांगला, लगेच मरतो, पण तो खोक्यात लावा म्हणजे कोंबडी किंवा मांजराचा पाय सापडणार नाही. चिकट पुठ्ठा आणू नका, त्यात सरडे, चिमण्या, सापाची पिल्लंही अडकतात आणि तासन् तास हाल होऊन मरतात.

बिळात हात घालायचा नाही, हे नीट लक्षात ठेवा. उंदराच्या बिळात नाग, घोणस, मण्यार असू शकतात आणि आपल्या भागात हे तिन्ही आहेत. बीळ खोदायचं तर दिवसा, गमबूट घालून, लांब दांड्याच्या कुदळीनं. साप चावला तर १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना, दुसरीकडं कुठंही नाही. धामण दिसली तर मात्र बाजूला व्हा आणि जाऊ द्या, ती बिनविषारी आहे आणि बिळात शिरून उंदीर धरते, तिच्याएवढं काम कुठलाच पिंजरा करत नाही. नागपंचमीला बत्तीस शिराळ्याचं नाव घेणाऱ्या आपल्या मुलखात धामण नाग समजून ठेचली जाते याचं फार वाईट वाटतं.

घुबडाचंही तेच. गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी तोंडाचं, पिल्लं असताना एका रात्रीत कितीतरी उंदीर घेऊन जातं. परड्याच्या कडेला ८-१० फूट उंच, इंग्रजी टी अक्षरासारखा लाकडी थांबा रोवा, रात्री बसून शिकार करायला त्याला उंच मोकळी जागा लागते. घुबड अपशकुनी म्हणून हाकलणं आता बंद झालं पाहिजे, आणि दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी त्याला पकडणारे कोणी दिसले तर वनविभागाला सांगा, धामण आणि घुबड दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या उपायांबद्दल थोडक्यात. डांबर गोळ्या विषारी आहेत, भाजीच्या मातीत नकोत. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा सिमेंट पिठात मळून गोळ्या करतात, त्यानं जीव हाल होऊन मरतो आणि ती गोळी कोंबडीही खाते. आवाज काढणाऱ्या मशीनला उंदीर थोड्या दिवसांत सरावतात. मिरचीचं पाणी फवारलं तर दोन-तीन दिवस फरक पडतो, पाणी दिलं की धुऊन जातं. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बांधाला लावा, हिरवळीच्या खताला उत्तम आहे, पण नुसतं झाड लावून उंदीर जात नाहीत, आणि त्याची साल धान्यात मिसळून ठेवणं म्हणजे परत विषच झालं. कुंपणात करंट सोडणं तर बिलकुल नाही, त्यात माणसं मेलेली आहेत.

कुरतडलेली भाजी तेवढाच भाग कापून खाऊ नका, टाकून द्या, आणि पालेभाजी वाहत्या पाण्यात धुवा, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो. पायाला जखम असेल तर ओल्या वाफ्यात अनवाणी जाऊ नका, आणि ताप, पोटऱ्यांत जोरात दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना उंदरांचा त्रास आहे हे आवर्जून सांगा. मेलेला उंदीर हातमोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हाताला घालून उचला आणि फूट-दीड फूट खोल पुरा.

हे सगळं एकट्या घरानं केलं तर उंदीर शेजारी जातील आणि परत येतील, वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकाच आठवड्यात बिळं बुजवली आणि पिंजरे लावले तर उपयोग होतो. आणि फेब्रुवारी-मार्चात शाळू म्हणजे रब्बी ज्वारी काढली की दुसरी लाट येते, माण, खटाव, जत, आटपाडीकडं तर तीच मोठी, तेव्हा जाळीची पुरलेली कड एकदा उकरून गंज बघा, बिळं परत बुजवा. उन्हाळ्यात पाण्यासाठी ठिबकच्या नळ्याही कुरतडतात, त्यासाठी भाजीपासून लांब बांधाला एका परातीत पाणी ठेवा आणि नळी जमिनीवरून वीतभर उचलून तारेला बांधा.