खोडाला 'कान' फुटायच्या आधी

भाद्रपदात दोन दिवस उघडीप मिळाली की कोयता आणि वही घेऊन बागेत आणि बांधावर एक फेरी मारा. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, प्रत्येक झाड बुंध्यापासून वर चारी बाजूंनी बघा. खोडाला कानासारखी किंवा फळीसारखी कडक अळंबी चिकटलेली दिसली, तर झाडाला चुन्याचा पट्टा मारून लिहून ठेवा : किती उंचीवर, जिवंत लाकडावर की वाळक्यावर.

ती अळंबी म्हणजे नुसतं फळ. बुरशी आत केव्हाचीच लाकूड खात असते आणि ती शिरते उघड्या जखमेतून. मावळात एक जुना आंबा वळवाच्या वाऱ्यात आडवा झालेला पाहिला. बुंध्याचं लाकूड आतून पांढरं, बोटाने उसवावं असं तंतुमय. मालक तीन वर्षं दर पावसाळ्यात ती तांबूस, चकचकीत अळंबी कोयत्याने उडवून 'झाड साफ केलं' म्हणायचा. ट्रॅक्टरच्या फाळाने सोललेली साल मात्र तशीच उघडी होती.

सगळ्या अळंब्या सारख्या नसतात. बुंध्यावर लाखेसारखी चकाकणारी, पांढऱ्या कडेची आणि खालच्या पानांवर तपकिरी भुकटी सांडणारी दिसली तर ती गॅनोडर्मा, सगळ्यात वाईट. काळपट, भेगाळलेली, दगडासारखी असेल तर बहुधा फेलिनस. फणसावरचा फणसोंबा याच गोतातला, आज्या तो उगाळून बाळाच्या तोंडाला लावत. उन्हाने भाजलेल्या फांदीवर बोटभर, लव असलेले करडे पंखे म्हणजे शिझोफायलम. मेलेल्या ओंडक्यावरची भगवी-लाल अळंबी खुशाल राहू द्या, तिचं कामच ते. ओळख पटत नसेल तर कागदी पिशवीत वाळवून पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात दाखवा. प्लास्टिकमध्ये नेलीत तर सडते.

दुकानदार लगेच महागडी बाटली पुढे करतो, 'बुंध्यात ओता' म्हणतो. घेऊ नका. पोखरलेलं लाकूड कुठल्याही औषधाने भरून येत नाही. पैसे जखमेवर घाला, तेही थोडेच लागतात. मोरचूद १ किलो ५ लिटर पाण्यात, कळीचा चुना १ किलो दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. मग एकत्र ढवळा. घासलेल्या विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. ही १० टक्के बोर्डो पेस्ट त्याच दिवशी ब्रशने लावा. पुरंदरकडे सीताफळाच्या एका छाटणीत झाडाला पन्नास जखमा होतात, आणि पेस्ट लावलेली बाग क्वचितच दिसते.

बाकीची कामं :
– मोठी फांदी आधी खालून, मग वरून कापा. खुंट ठेवू नका
– बुंध्याशी पालापाचोळा जाळू नका
– आळ्यात पाणी तुंबू देऊ नका
– सडके बुंधे मुळांसकट काढा

एक माझा अंदाज, आधार विचारू नका : बुंध्यावर अळंबी असलेलं झाड एखाद्या साली एकदम लगडलं, की मला त्याची जास्त काळजी वाटते. कोयत्याच्या पाठीने ठोका. ढबढब वाजलं आणि झाड गोठ्याकडे झुकलेलं असेल, तर पेस्ट राहू द्या. आज संध्याकाळी जनावरं दुसरीकडे बांधा.