फेला कुटी ऐकायचा कसा

पाच मिनिटं झाली तरी गायक तोंड उघडत नाही म्हणून गाणं बंद करू नका. नायजेरियाचा गायक-संगीतकार फेला कुटी, त्याची रीतच ती. एकेक गाणं दहा-पंधरा मिनिटांचं, एलपी तबकडीची अख्खी बाजू खाणारं.

मी ढोलकीवाला, म्हणून सल्लाही तसाच: पहिल्या वेळी फक्त त्याच्या ड्रमरचा, टोनी ॲलनचा ड्रम पकडा. हेडफोन लावाच, मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज मरतो. मग पुन्हा लावून बास गिटार धरा, नंतर एकमेकींत गुंतलेल्या गिटारी. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं, आपोआप ऐकू येतो, त्याची काळजी नको.

सुरुवात १९७६ च्या 'झॉम्बी'पासून करा. हुकुमाशिवाय पाऊल न उचलणाऱ्या सैनिकाची ही टिंगल. १८ फेब्रुवारी १९७७ ला सैनिकांनी नायजेरियातल्या लागोस शहरातलं त्याचं घर 'कलाकुटा' जाळलं आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. ही फुनमिलायो, अबेओकुटा गावच्या बायकांना घेऊन करांविरुद्ध लढलेली बाई. हे माहीत असलं की गाणं वेगळंच लागतं.

शब्द पिजिन इंग्रजीत, म्हणजे तिथल्या बोलीतल्या मिश्र इंग्रजीत आहेत, आफ्रिकेत दूरवर कळावेत म्हणून. समोर लिहिलेले घेऊन बसा. तो एक ओळ टाकतो आणि बायकांचा कोरस ती झेलतो.

बायकांबद्दलची त्याची मतं मात्र मला पटत नाहीत. १९७८ मध्ये त्याने एकाच वेळी २७ जणींशी लग्न केलं!

फेला १९९७ मध्ये गेला. ही चाल प्रत्यक्ष ऐकायची असेल, तर फेमी आणि शेऊन या त्याच्या मुलांचे कार्यक्रम शोधा.