‘मी कोण आहे?’ : वीस ओळींची चाचणी कशी घ्यावी

माणूस स्वतःकडे कसं पाहतो हे तपासणारी, समाजशास्त्रज्ञ मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांची १९५४ सालची ही चाचणी. कोऱ्या कागदावर १ ते २० आकडे टाका, वर ‘मी कोण आहे?’ लिहा, १२ मिनिटे द्या. सुचेल त्या क्रमाने, स्वतःलाच उत्तर देतोय असं लिहायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नमुना सांगणं. ‘जसं, मी शेतकरी आहे’ म्हटलं की निम्मा वर्ग तेच लिहितो. लातूरच्या शिकवणीतल्या पोरांनाही कागद मराठीतूनच द्या. भाषा बदलली की उत्तरं बदलू शकतात. बीडच्या ऊसतोड कामगाराला लिहिता येत नसेल तर तोंडी विचारा, वेळ वाढवा. मुकादम किंवा सासू शेजारी नको.

मग खुणा करा: ‘मी चिडका आहे’ला स्वभाव, ‘मी थोरली सून’, ‘मी वारकरी’ला नातं-गट. नाती जास्त दिसली म्हणून माणूस कच्चा ठरवू नका, हे फार महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ साली मांडलं, की नात्यांत गुंफलेलं ‘मी’पण ही स्वत्वाची वेगळी घडण आहे.

दहाव्या ओळीवर कागद ओढून घेऊ नका. नाती-गट बहुधा आधी उतरतात, आतलं नंतर.