कार्बोरेटर चढवण्याआधी एक फुंकर

होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचा कार्बोरेटर घरी खोलून नव्या गॅस्केटसह बसवला, की पुष्कळदा त्यातून पेट्रोल वाहू लागते आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. म्हणून तो चढवण्यापूर्वी, पूर्ण कोरडा असतानाच, पेट्रोल आत येते त्या तोंडाला स्वच्छ रबरी नळी लावून फुंकावे. सरळ धरल्यावर हवा मोकळी जायला हवी, आणि उलटा केल्यावर फ्लोटच्या (आतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या) वजनाने पेट्रोलची वाट बंद करणारी सुई बसून हवा पूर्ण अडायला हवी.

उलटा धरूनही हवा गेली, तर सुईच्या टोकावरून नख फिरवावे. तिथे बारीक गोल खाच लागली तर सुई बदलावी. टोक गुळगुळीत असेल तर फ्लोटची उंची तपासावी.

फुंकर मात्र हलकीच असावी, कारण जास्त दाबाने चांगली सुईही उचलली जाते.