शाळेची परसबाग: बी टाकण्याआधीची तयारी

आधी सुट्ट्यांची यादी समोर घ्या, मग पिकं ठरवा. जूनच्या मध्यात शाळा उघडते (विदर्भात महिनाअखेर), दिवाळीत दोनेक आठवडे कुलूप असतं आणि मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसतं. तोडणीला आलेली भाजी यांपैकी कशात सापडली की ती गावातल्या शेळ्यांची. म्हणून हव्या त्या तारखेपासून दिवस मागे मोजा. मेथीला 25 ते 30 दिवस लागतात, पालकाला 35 ते 40, मुळा आणि कोथिंबिरीला 40 ते 45. भेंडी-गवारीचा पहिला तोडा 45 ते 50 दिवसांनी. वांग्याला रोपवाटिकेत चार-पाच आठवडे आणि लावणीनंतर दोन-सव्वादोन महिने. जूनअखेर टोकलेली (खळग्यात एकेक बी टाकून लावलेली) भेंडी ऑगस्टच्या मध्यावर हाती येते आणि शाळेच्या दिवसांत नीट बसते, त्यामुळे पहिल्या वर्षी भरवसा तिच्यावरच ठेवावा.

पोषण आहारात भाजीचं प्रमाण पहिली ते पाचवीला माणशी 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 75 ग्रॅम. साठ लहान मुलांना एका दिवसाला 3 किलो झाली. 90 सेंटीमीटर रुंद आणि 3 मीटर लांब वाफ्यात मेथी दोन किलोच्या आसपास निघते, निवडून जेमतेम सव्वा किलो. रोजच्या खिचडीचं आश्वासन कोणाला देऊ नका. आठवड्यातून एक दिवस परसबागेची भाजी एवढंच ठरवा, वार पक्का करा आणि शिजवणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी सांगा. ऐन वेळी दारात आणून ठेवलेली मातीची मेथी निवडायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

जागा किमान सहा तास उन्हाची हवी. वाफा 90 सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, कारण चौथीच्या मुलाचा हात मधोमध पोचला नाही की ते वाफ्यात पाय ठेवतं आणि माती दबते. दोन वाफ्यांमध्ये निदान 45 सेंटीमीटरची वाट ठेवा. काळ्या जमिनीत पावसाळ्यासाठी गादीवाफा 15 ते 20 सेंटीमीटर उंच करा. कोकणात जुलैची मेथी हमखास सडते, तिथे अळू, पडवळ, दोडका घ्यावा आणि लाल माठ पाऊस ओसरल्यावर. दर वाफ्याला घमेलंभर पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ओलं, ताजं शेण अजिबात नको: हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तणाचं बी येतं, आणि पालेभाजीला ते लागणं आरोग्याच्या दृष्टीनेही वाईट. कुंपण पेरणीच्या आधी पूर्ण हवं, फाटकाच्या कडीसकट.

कृषी सेवा केंद्रातल्या पुड्यातलं बी गुलाबी किंवा हिरवं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती द्यायचं नाही, शिक्षकांनी हातमोजे घालून टोकावं. मुलांसाठी साधं बी वेगळं आणा. घरचं किंवा जुनं बी असेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. चौदांना मोड आले तर उगवण 70 टक्के, त्या हिशेबाने बी थोडं जास्त घ्या. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. तरीही कोंब दिसायला दहा-बारा दिवस जातात, तोवर मुलं माती उकरून बघतात. म्हणून त्याच दिवशी शेजारी मुळा पेरा, तो चार-पाच दिवसांत वर येतो. भेंडीत अर्का अनामिका किंवा परभणी क्रांती हे वाण केवडा या रोगाला त्यातल्या त्यात तग धरतात. पानाच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की उपटून बाहेर न्या. पांढरी माशी तो रोग पुढे पसरवते, आणि रोगट झाड कशानेही बरं होत नाही.

अवजारांत पाच मुलांमागे दोन खुरप्या, दोन झाऱ्या, एक घमेलं पुरे. कुदळ आणि विळा मोठ्यांकडेच. सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पाण्याने, आणि तहानेने नव्हे. प्रत्येक गट येऊन एकेक झारी ओततो, दाट पेरलेली रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. यालाच मर म्हणतात. उपाय साधा: बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर झारी परत जागेवर. रोजचं पाणी एकाच गटाकडे.

जून-जुलैत शाळेजवळच्या कडुनिंबाखाली निंबोळ्या पडतात. गर काढून, सावलीत वाळवून गोणपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. मावा-तुडतुडे (पानांतला रस शोषणारे किडे) दिसले की अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्याने गाळा, 10 लिटरपर्यंत पाणी वाढवा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि संध्याकाळी फवारा. तोडणी मात्र फवारणीच्या आधी उरका.

भेंडी एक दिवसाआड तोडायची. शनिवारी टाळली तर सोमवारी ती दोरखंड झालेली असते. टोक वाकवून पाहा: कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर बियांसाठी सोडा. पानांच्या लवेने हात खाजतात, पूर्ण बाहीचा जुना शर्ट चालतो. पालक जमिनीपासून दोन बोटं वर कात्रीने कापा, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा येतो. मेथी मुळासकट उपटा. भाजी ताणकाट्यावर तोलून वाफा, पेरणीची तारीख आणि वजन वहीत लिहा. पुढच्या जूनला बी किती आणायचं ते या आकड्यांवरूनच ठरतं.

दिवाळीआधी वाफ्यांवर वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या आणि पाण्याच्या पाळ्या घरांच्या नावानिशी लावा. शेवटची पालेभाजी फेब्रुवारीअखेर पेरा. मे महिन्यासाठी शेवगा आणि कढीपत्ता तेवढे ठेवा, शेंगा संपल्या की शेवगा छाटून टाका.