अंध मुलीची पाळी: घरात आणि हॉस्टेलवर होणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातनंच निघतात. पोरीला पाळी आली की आपल्या कोल्हापुरात अजून कितीतरी घरात पहिलं वाक्य असतं, "आता कशाला शिवू नको." डोळस पोरगी निदान बाजूला बसून सगळं बघत तरी असते. पण जी भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात येते, चाचपून आपलं ताट-तांब्या ओळखते, तिनं चार दिवस कशालाच शिवायचं नाही तर घरात फिरायचं कसं? चुकून देवघराच्या चौकटीला हात लागला की ओरडा बसतो, मग ती त्या दिवसात जागची हलतच नाही, पाणी कमी पिते, बाथरूमला जायचं टाळते आणि पॅड बदलायचं पुढं ढकलत राहते. माझ्या मते अंध पोरीच्या घरात तरी शिवाशिव पूर्ण बंद झाली पाहिजे. आजी ऐकत नसतील तर वेळ लागेल, पण तोवर निदान तिचं अंथरूण, तिचा नेहमीचा रस्ता आणि तिच्या वस्तू अजिबात हलवू नका.

दुसरी चूक म्हणजे पाळी आल्यावरच सांगू म्हणून थांबणं. डोळस मुलींना न सांगता बरंच कळत जातं, आईनं कपाटात ठेवलेलं पॅकेट, टीव्हीवरची जाहिरात, मेडिकलवाला पेपरात गुंडाळून देतो ते. अंध मुलीपर्यंत यातलं काहीच पोचत नाही, आणि पहिल्यांदा ओलं लागलं की तिला वाटतं लघवी झाली नाहीतर कुठंतरी मोठी जखम झाली. त्यामुळं 9-10 वर्षांची झाली की बोलायला लागा. आणि "लाल रक्त येतं" एवढ्यावर सोडू नका, जन्मापासून दिसत नसेल तर लाल म्हणजे काय? तिच्या हाताला आणि नाकाला कळेल असं सांगा. लघवी रोखून धरता येते, पाळीचं रक्त रोखता येत नाही, ते थोडं थोडं येत राहतं. बोटाला पाण्यापेक्षा दाट लागतं, लोखंडासारखा वास येतो आणि वाळलं की कापड कडक होतं. अंगावरून पांढरं जातं ते बुळबुळीत असतं, त्याला हा वास नसतो. हेही सांगा की पूर्ण पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं, म्हणजे अंगातलं सगळं रक्त संपेल ही भीती मनातनं जाते.

आता पॅड. इथं सगळे घाई करतात, तोंडी सांगून मोकळे होतात नाहीतर "दे इकडं, मीच लावून देते" म्हणतात. दोन्ही नको. निकर तिच्या मांडीवर ठेवा, मधला दुहेरी कापडाचा भाग आणि त्याच्या कडेची शिवण तिला बोटांनी शोधू दे. मागची बाजू लेबलवरून कळते, लेबल नसेल तर आतून दोऱ्याची एक जाड गाठ घाला. पॅडच्या ज्या बाजूला गुळगुळीत कागदाची पट्टी लागते ती खाली, पट्टी काढली की चिकट लागतं, एक टोक रुंद असेल तर ते मागं, पंख निकरच्या खाली दुमडायचे. शेवटी दोन्ही अंगठे कडेनं फिरवायचे, दोन्हीकडं सारखं कापड लागलं म्हणजे पॅड मधोमध बसला. चिकट बाजू अंगाकडं लागणं ही सुरुवातीला होणारी गडबड आहे, कोरड्या पॅडवर चार-पाच वेळा सराव केला की जाते. मग तीन पॅड घ्या, एक कोरडा, एकावर थोडं पाणी, एक पूर्ण भिजवलेला, आणि तिच्या तळहातावर एकेक ठेवा. बदलायची वेळ झाली हे वजनावरून कसं कळतं ते तिथं समजतं, शंभर वेळा सांगून समजत नाही. तरी भरला का नाही या अंदाजावर राहू नये, 4 ते 6 तासांनी बदलायचाच, मोबाईलवर अलार्म लावायचा.

हा सराव कपड्यावर नाहीतर बाहुलीवर करायचा, पोरीच्या अंगावर नाही. तिचा हात धरण्याआधीही विचारायचं. आणि हे दार लावून करायचं असतं, कुणाची मदत घ्यायची, कुणाला हात लावू द्यायचा नाही, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा, कारण बाकीच्या बायका हे आडोशाला करतात हे तिनं कधी बघितलेलंच नसतं.

शरीराच्या आत काय चाललंय ते शिकवायला फळ्यावरचं चित्र निरुपयोगी आहे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं थोडी शाडू आणा आणि गर्भपिशवी बनवा, साधारण मुठीएवढी. ब्रेलमधलं पुस्तक असेल तर छानच, पण सगळ्याच मुलींना ब्रेल येतं असं नाही, म्हणून ऑडिओ पण ठेवा.

कपड्याला डाग पडला तर सगळ्यांसमोर "अगं मागं बघ" असं ओरडू नका, ती बघणार कशी? मैत्रिणीशी किंवा ताईशी एक खुणेचा शब्द ठरवून घ्या. डाग थंड पाण्यात धुवायचा, गरम पाण्यात तो पक्का बसतो. आणि कापड वापरत असाल तर ते कोपऱ्यात लपवून नाही, उन्हातच वाळवायचं. हॉस्टेलच्या ताई-मावशींना एकच विनंती, बाथरूममधला झाकणाचा डबा आणि पेपर रोज त्याच जागी ठेवा, झाडलोट करताना डबा हातभर सरकला तरी तिला वापरलेला पॅड हातात घेऊन शोधत बसावं लागतं.

तारखेचा ताण देऊ नका. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागंपुढं होते, या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर नॉर्मल आहे. टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या मोबाईलमधल्या सोयीवर, कॅलेंडर ऐकता येतं, तारीख तिची तिलाच नोंदवू द्या. नवरात्र आलं, जोतिबाची यात्रा आली की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधनं परस्पर आणून देतात, ते करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या द्यायच्या नसतात.

आणि एक सल्ला नातेवाईक हळूच देतात, "हिला कशाला हा त्रास, पिशवीच काढून टाका." 1994 साली पुण्यात मतिमंद मुलींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मूल होण्याची क्षमता जाईल असा कुठलाही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, सगळं समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. स्वच्छता शिकवून येते, त्यासाठी अवयव काढायचा नसतो.

डॉक्टरकडं मात्र वेळेत जा. पॅड तासा-दोन तासात भरत असेल, 7 दिवसांच्या वर रक्त जात असेल, दुखण्यानं शाळा बुडत असेल, किंवा 15 पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. तिथं गेल्यावर सगळं आईनंच बोलायचं असं करू नका, प्रश्नाला उत्तर पोरीला देऊ द्या, आणि हात लावण्याआधी काय तपासणार ते तिला सांगा असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.